आउटबोर्ड इंजिन कधी सुरू होतं, कधी नाही: दोष शोधायचा कसा (नवख्यांसाठी)

आउटबोर्डचं (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायच्या इंजिनाचं) सगळ्यात डोकं खाणारं दुखणं हेच. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, दुपारी परत निघायच्या वेळी किल्ली फिरवली की नुसतं टक, नाहीतर गरगर फिरतंय पण धरत नाही, आणि मेकॅनिक समोर उभा राहिला की पहिल्याच झटक्यात सुरू. पूर्ण मेलेलं इंजिन परवडलं, कारण दोष जागेवर असतो, मीटर लावला की सापडतो. हा येणारा-जाणारा दोष मात्र तुम्ही झाकण उघडेपर्यंत गायब झालेला असतो. मग लोक काय करतात, अंदाजाने प्लग बदलतात, मग कॉइल, मग स्टार्टर, मग बॅटरी, आणि यातलं काहीतरी बदलल्यावर इंजिन दोन-चार वेळा नीट सुरू झालं की वाटतं सुटलो, पण ते असंही तेव्हा सुरू होणारच होतं.

मी या सगळ्यातून गेलोय म्हणून आधीच सांगतो, पार्ट बदलायला घेऊ नका. इंजिन नाही म्हणतंय त्याच क्षणी घेतलेलं एक माप हे नव्या पार्टांच्या ढिगापेक्षा जास्त कामाचं असतं. खालची सगळी पद्धत त्या एका क्षणासाठी तयार राहण्याची आहे.

आधी काय जमवून ठेवायचं

कागदपत्रं:
- इंजिनाचा मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबर. पट्टी बहुतेक वेळा बोटीला इंजिन जिथे अडकवतात त्या ब्रॅकेटवर असते. फोटो काढून ठेवा, कारण उन्हापाण्याने ती पुसट होते.
- त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. इंजिनासोबत येणारी पातळ पुस्तिका नव्हे, दुरुस्तीसाठी असतं ते जाड. त्यातला वायरिंगचा नकाशा मोठा प्रिंट करून घ्या.
- आधी काय काय काम झालं त्याची बिलं असतील तर ती, आणि एक वही.

हत्यारं:
- डिजिटल मल्टिमीटर आणि मगरी क्लिपा लावलेल्या लांब वायरी
- स्पार्क टेस्टर, ज्याची गॅप कमीजास्त करता येते असा
- प्लग पाना, प्लगची गॅप बघायचा गेज
- कॉम्प्रेशन गेज
- सुट्टी पेट्रोल टाकी, ताजं पेट्रोल भरलेली, तिला स्वतःचा पाईप आणि बल्ब (पेट्रोल पुढे ढकलायला हाताने दाबायचा पाईपवरचा रबरी फुगा)
- पारदर्शक पेट्रोल पाईपचा छोटा तुकडा आणि दोन क्लॅम्प
- बोट पाण्याबाहेर असेल तर फ्लशिंगचे कप (इंजिन पाणी ओढतं त्या तोंडांवर बसवून नळाचं पाणी द्यायचे)
- वायर ब्रश, पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनर, डायइलेक्ट्रिक ग्रीस
- स्पेअर प्लग, फ्यूज, पेट्रोल फिल्टर
- पेट्रोलच्या आगीवर चालणारा अग्निशामक सिलिंडर, हाताशी

सुरक्षेचं थोडक्यात पण मनापासून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साठते, आणि तुम्ही तर मुद्दाम ठिणगी पाडून बघणार आहात. आधी सगळीकडे हवा खेळती करा, वास येत असेल तर कामच थांबवा. इंजिन पाण्याशिवाय चालू करू नका, कोरड्यात थोडा वेळ जरी चाललं तरी वॉटर पंपाचा रबरी पंखा खराब होतो. सेल्फ मारण्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये आहे आणि प्रोपेलरजवळ कोणी नाही हे डोळ्यांनी बघा. झाकण काढून काम करताना फ्लायव्हीलजवळ (इंजिनाचं फिरणारं जड चाक) सैल बाही, गळ्यातली साखळी, मोकळे केस काही नको.

१. वही उघडा, आठवणीवर जाऊ नका

इंजिनाने दगा दिला की लगेच, तिथल्या तिथे लिहायचं: इंजिन थंड होतं, कोमट होतं की नुकतंच बंद केलेलं गरम. बंद करून किती वेळ झाला होता. किल्ली फिरवल्यावर काय आवाज आला. बल्ब हाताला कडक होता की मऊ. टाकी भरलेली की तळाला आलेली. आदल्या दिवशी पाऊस किंवा बोट धुणं झालं होतं का. आणि शेवटी काय केल्यावर ते सुरू झालं, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं थांबल्यावर सुरू झालं, की बल्ब दाबल्यावर, की गिअरचा दांडा पुढेमागे केल्यावर, की बॅटरीची वायर हलवल्यावर.

मोबाईलवर आवाजासकट व्हिडिओ काढला तर आणखी उत्तम. सेल्फचा आवाज मंद होता की नेहमीसारखा हे नंतर कोणालाच नीट आठवत नाही, आणि निदानाचं निम्मं गणित त्या आवाजात असतं.

२. "सुरू होत नाही" म्हणजे नक्की काय होत नाही

दोन अगदी वेगळे आजार एकाच नावाने ओळखले जातात आणि सगळा घोळ इथेच होतो.

पहिला, इंजिन फिरतच नाही. किल्ली फिरवली की शांतता, किंवा एकच टक, किंवा टकटकटक, किंवा रडत रडत अर्धा फेरा. हा दोष बॅटरी, जाड वायरी, सोलेनॉइड (किल्लीच्या हुकुमावर बॅटरीची वीज स्टार्टरला जोडणारा स्विच), स्टार्टर, किल्लीचा स्विच, न्यूट्रल स्विच (गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर सेल्फ लागू न देणारा) यांच्यात आहे. पेट्रोल आणि प्लगला हातसुद्धा लावू नका.

दुसरा, इंजिन झकास फिरतंय पण धरत नाही. इथे स्पार्क नाही, किंवा पेट्रोल नाही, किंवा पेट्रोल जास्त झालंय, किंवा क्वचित कॉम्प्रेशन नाही.

एक मधली अवस्था आहे जी भल्याभल्यांना फसवते. इंजिन फिरतं, पण नेहमीपेक्षा जरा हळू. फ्लायव्हीलखालच्या कॉइलांमधून स्पार्कची वीज तयार होते अशा इंजिनांत फिरण्याचा वेग कमी पडला की स्पार्कही कमजोर पडतो, आणि ईएफआय (कार्बोरेटरऐवजी कंप्युटरच्या हुकुमावर पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनात व्होल्टेज खाली आलं की कंप्युटर नीट काम करत नाही. म्हणजे दिसतो दोष स्पार्कचा, असतो बॅटरीचा. म्हणून फिरतंय तरी बॅटरीचं माप आधी.

३. हात लावण्याआधीच्या तपासण्या

हसू नका, अनुभवी लोकांचंही इथेच अडतं.

- किल स्विचची (दोरीला बांधलेली क्लिप निघाली की इंजिन बंद करणारा स्विच) क्लिप पूर्ण बसली आहे का. काही मॉडेलांत क्लिप नसली तर सेल्फच लागत नाही, काहींत इंजिन मस्त फिरतं पण स्पार्क येत नाही. जुनी क्लिप झिजून अर्धवट बसते आणि लाटेच्या धक्क्याने हलते, तर दुसरी क्लिप लावून बघा.
- गिअर खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का. किल्ली धरून दांडा अगदी जरासा पुढेमागे करा. मध्येच सेल्फ लागला तर न्यूट्रल स्विच किंवा गिअर केबलची सेटिंग बघायची, तुमचा दोष बहुतेक इथेच संपला.
- सुट्ट्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का.
- पेट्रोल पाईपचं कनेक्टर टाकीला आणि इंजिनाला दोन्हीकडे खट्कन बसलंय का.
- बॅटरीचा मेन स्विच ऑन आहे का, आणि मधल्या अर्धवट जागी तर अडकलेला नाही ना.

न्यूट्रल स्विच खराब निघाला तर तो कायमचा बायपास करून ठेवा असा सल्ला कोणीतरी देईलच. करू नका. गिअरमध्ये असताना इंजिन सुरू झालं तर बोट झटक्यात उडी घेते आणि उभा माणूस पाण्यात जातो, पुढे प्रोपेलर असतो. स्विच बदला.

४. बॅटरी आणि जाड वायरी: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

माझं स्पष्ट मत आहे की कधी फिरतंय कधी नाही अशा तक्रारीत पहिला संशयित जोडणी असते, पार्ट नंतर. खारं पाणी, ओल आणि सतत थरथर एकत्र आलं की नट सैल पडतात, तांब्यावर हिरवं चढतं.

आधी बॅटरी. चार्जिंग बंद करून काही तास झाल्यावर साध्या लेड-ॲसिड बॅटरीला साधारण १२.६ व्होल्ट किंवा वर दिसलं तर पूर्ण भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे जेमतेम अर्धी, १२.० म्हणजे जवळपास संपत आलेली. पण या आकड्यावर विसंबू नका, कारण आतून मेलेली बॅटरीसुद्धा काही लोड नसताना १२.६ दाखवू शकते. खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. मीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली कोसळलं तर बॅटरी कमी भरलेली आहे, किंवा संपली आहे, किंवा स्टार्टर जास्त करंट ओढतोय. पूर्ण चार्ज करून परत तीच परीक्षा घ्या. इंजिन चालू असताना रेस थोडी वाढवून बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान यायला हवं, नाही आलं तर बॅटरी भरतच नाहीये आणि दिवसातल्या तिसऱ्या-चौथ्या सेल्फला दगा देणारच.

आता ती परीक्षा जी फारच थोडे लोक करतात आणि जिच्यात हे दुखणं पकडलं जातं, व्होल्टेज ड्रॉप. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर (वायरीच्या चिमट्यावर नाही, खुंटावर), दुसरं टोक स्टार्टरवर जिथे जाड वायर बसते त्या बोल्टवर. सेल्फ मारा. सगळं ठीक असेल तर जेमतेम काही दशांश व्होल्ट दिसेल, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर त्या वाटेवर कुठेतरी वीज अडतेय. मग दुसरं टोक एकेक पायरी मागे आणत या: सोलेनॉइडच्या पलीकडे, अलीकडे, मेन स्विचच्या पलीकडे, अलीकडे. आकडा जिथे एकदम घसरतो त्या दोन जागांच्या मधला भाग दोषी. नंतर हेच अर्थच्या बाजूने करा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर, दुसरं स्टार्टरच्या बॉडीवर.

अर्थची बाजू विसरू नका, लोक लाल वायरीच तपासत बसतात. माझ्या इंजिनाचा दोष इंजिन ब्लॉकवरच्या अर्थ बोल्टखाली निघाला, वरून चकचकीत आणि घट्ट, पण लगच्या (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली पांढरी पूड. थंड असताना पुरेसा संपर्क, तापल्यावर नाही. मीटरने दाखवलं नसतं तर डोळ्यांना कधीच दिसलं नसतं.

जोडणी साफ करायची म्हणजे घट्ट करणं नव्हे. आधी निगेटिव्ह सोडा, मग पॉझिटिव्ह. लग काढा, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत घासा, बसवा, घट्ट करा, आणि ग्रीस त्यानंतर वरून लावा. जोडताना उलट क्रम, निगेटिव्ह शेवटी. बॅटरीला हाताने फिरवायचे पंखाचे नट असतील तर ते काढून षटकोनी नट आणि लॉक वॉशर लावा, पंखाचे नट थरथरीने सैल पडतातच. वायरीचं इन्शुलेशन लगपाशी फुगलेलं किंवा कडक वाटलं तर थोडं सोलून बघा, आतलं तांबं काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत कापून नवीन लग क्रिंप करा आणि आत गोंद असलेली हीटश्रिंक नळी चढवा. नुसती चिकटपट्टी गुंडाळली की पाणी आत जातं आणि तिथेच राहतं.

५. बॅटरी ठणठणीत, तरी टक किंवा शांतता

टक आवाज येतोय म्हणजे किल्लीकडून हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचतोय. दोष येईल तेव्हा सोलेनॉइडच्या दोन जाड बोल्टांवर मीटर धरा आणि किल्ली फिरवा. आकडा जवळपास शून्यावर आला आणि तरी स्टार्टर गप्प, तर स्टार्टर किंवा त्याचा अर्थ बघा, आतले कार्बन ब्रश झिजले की असाच लपंडाव चालतो. आकडा बॅटरीइतकाच राहिला तर सोलेनॉइडच्या आतले काँटॅक्ट जळालेत, सोलेनॉइड बदला.

टकही नाही तर हुकूमच पोचत नाही. सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर किल्ली फिरवल्यावर बारा व्होल्ट येतात का बघा. बऱ्याच इंजिनांत ही वायर पिवळी-लाल असते, तरी रंगावर जाऊ नका, नकाशा बघा. व्होल्ट येतायत तर सोलेनॉइडची दुसरी बारीक वायर म्हणजे त्याचा अर्थ तपासा. येत नसतील तर उलट दिशेने चालत जा: फ्यूज, न्यूट्रल स्विच, किल्लीचा स्विच, आणि बोटीची वायरिंग इंजिनाला जिथे जोडली जाते तो मोठा गोल प्लग. हा प्लग मुख्य आरोपींपैकी एक आहे. दिसतो धडधाकट, पण उघडला की एखादी पिन हिरवी किंवा मागे सरकलेली. फ्यूजसुद्धा नुसता बघून सोडू नका, काढून त्याचे पाय आणि होल्डरची पकड बघा.

आता हलवून बघायची परीक्षा. एकाने किल्ली सेल्फवर धरायची (इंजिन न्यूट्रलमध्ये, स्पार्क बंद, प्रोपेलर काढलेला असेल तर फारच छान), दुसऱ्याने वायरिंग एका वेळी एकाच जागी हलवायची, प्लग, किल्लीच्या मागचा जुडगा, कंट्रोल बॉक्समध्ये शिरणारी वायर. कुठेतरी टक ऐकू येईल. तिथे खूण करा आणि मगच उघडा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नका, मध्ये निवू द्या.

६. फिरतंय पण धरत नाही: आधी स्पार्क

आधी स्पार्क अशासाठी की तो बघायला जेमतेम पाच मिनिटं लागतात आणि उत्तर हो किंवा नाही असं मिळतं. स्पार्क टेस्टर लावा, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक बॉक्समधून ठिणगी देणाऱ्या) इंजिनाला गॅप साधारण ११ मिलीमीटर ठेवतात, मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअल खरं. निळी, कडक, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट मलूल ठिणगी म्हणजे नापास. नुसता प्लग ब्लॉकला टेकवून बघणं पुरेसं नाही, उघड्या हवेत त्या छोट्या गॅपवर कमजोर कॉइलसुद्धा ठिणगी पाडते, सिलिंडरमधल्या दाबात पाडत नाही. आणि प्लगच्या वायरी मोकळ्या लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका, सीडीआय बॉक्स त्याने जाऊ शकतो. सगळ्या अर्थला लावा.

सगळ्याच सिलिंडरना स्पार्क नाही, तर संशय सामायिक गोष्टींवर: किल स्विच, किल्लीचा स्विच, स्टेटर (फ्लायव्हीलखालच्या वीज तयार करणाऱ्या कॉइला), सीडीआय बॉक्स. एकालाच नाही, तर त्याची कॉइल, वायर, प्लगची टोपी. शेजारच्या सिलिंडरची कॉइल तिथे लावा, दोष कॉइलसोबत सरकला की पकडला.

जुन्या मॅग्नेटो पद्धतीच्या बऱ्याच इंजिनांत किल वायर अर्थ झाली की इंजिन बंद होतं. म्हणजे त्या वायरीत कुठेही ओल किंवा सोललेली जागा असली की इंजिन कधीही मूडप्रमाणे गप्प. दोष हजर असताना ही वायर इंजिनाच्या बाजूने सुटी करून बघा. स्पार्क परत आला तर इंजिन निर्दोष, दोष बोटीच्या वायरिंगमध्ये किंवा स्विचमध्ये. पण सावधान, वायर सुटी असताना किल्लीने किंवा दोरीने इंजिन बंद होणार नाही, चोक ओढून किंवा पेट्रोल तोडून बंद करायची तयारी आधी ठेवा, आणि अशा अवस्थेत बोट घेऊन निघू नका.

स्टेटर आणि ट्रिगर (ठिणगीची वेळ सांगणारी छोटी कॉइल) कधी कधी तापल्यावर मरतात आणि निवल्यावर जिवंत होतात. त्यांचा रेझिस्टन्स थंड असताना मोजा आणि नंतर दोष आलेला असताना गरम इंजिनावर परत मोजा, दोन्ही आकडे वहीत. सीडीआयचं आउटपुट साध्या मीटरवर बरोबर दिसत नाही, त्याला पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो.

७. पेट्रोल

प्लग काढून बघा. अनेक वेळा सेल्फ मारूनही प्लग कोरडा, तर पेट्रोल पोचत नाही. ओलाचिंब आणि वास मारतोय, तर जास्त झालंय किंवा स्पार्क नाही.

बल्ब हा तुमचा मोफतचा मीटर आहे. बाण इंजिनाकडे, इंजिनाकडचं टोक वर करून धरा आणि दाबा. काही दाबांत कडक झाला पाहिजे आणि कडक राहिला पाहिजे. कडकच होत नाही तर कुठूनतरी हवा ओढली जातेय, किंवा आतले व्हॉल्व्ह गेलेत, किंवा कार्बोरेटरची नीडल पेट्रोल अडवत नाहीये, तसं असेल तर पेट्रोल बाहेर गळताना दिसेल. इंजिन चालताना बल्ब चपटा होतोय तर टाकीच्या बाजूला अडथळा: हवेचा स्क्रू बंद, टाकीतली जाळी बुजलेली, बोटीत बसवलेल्या टाकीच्या तोंडाशी असलेला अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाईप फुटला तर टाकीतलं पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) अडकलेला. सकाळी सेल्फ लांबतो पण बल्ब दाबला की लगेच सुरू होतं असं असेल तर रात्रीत पेट्रोल पाईपमधून मागे जातंय, म्हणजे हवा शिरायला जागा आहे. कनेक्टरमधली ओ-रिंग आधी बघा.

पाईप बाहेरून नवा दिसला तरी आतून सोललेला असू शकतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या पाईपचं आतलं अस्तर सोडवतं, आणि ती सुटलेली पापडी आत पडद्यासारखी कधी उघडते कधी बंद होते. कधी चालतं कधी नाही याचं हे पक्कं कारण, आणि बाहेरून अजिबात कळत नाही. पाईप जुना आहे आणि वय माहीत नाही, तर बदलून टाका, पार्ट अंदाजाने न बदलण्याच्या माझ्या नियमाला हा एवढाच अपवाद.

सगळ्यात निर्णायक परीक्षा सुट्टी टाकी. तिच्या स्वतःच्या पाईप-बल्बसकट इंजिनाला जोडा आणि तिच्यावरच वापरा. दोष गेला तर बोटीची टाकी, पाईप, फिल्टर यांत शोधा. दोष राहिला तर इंजिनावरच्या पंपापासून पुढे. फिल्टर आणि पंपाच्या मध्ये पारदर्शक तुकडा तात्पुरता लावून बघा, बुडबुड्यांची रांग दिसली तर हवा शिरतेय हे डोळ्यांनी दिसतं. बघून झालं की तुकडा काढा.

फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून थोडं थांबा. खाली वेगळा थर बसला तर पाणी आहे. बोट हलली की ते पाणी कधी पाईपच्या तोंडाशी येतं, कधी नाही. पेट्रोल महिनोन् महिने पडून असेल तर बाकी काही तपासण्याआधी ताजं वापरून बघा.

८. थंड असताना की गरम असताना

वहीतल्या नोंदी इथे कामाला येतात.

फक्त थंड असताना नखरे, तर चोक किंवा प्रायमर (सुरू करताना जादा पेट्रोल सोडणारा). चोकची पाकळी पूर्ण बंद होते का ते बघा. इलेक्ट्रिक प्रायमर असेल तर किल्ली आत दाबल्यावर त्याचा टक ऐका, जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या प्रायमरवर हाताने चालवायचा लाल दांडाही असतो, तो वापरून सुरू झालं तर त्या प्रायमरचा विजेचा भाग किंवा त्याची वायर बघा. कार्बोरेटरचे बारीक जेट सुकलेल्या पेट्रोलच्या राळेने बुजले तरीही थंडीत असंच होतं.

फक्त गरम असताना, बंद करून दहा-वीस मिनिटांनी, तर तीन शक्यता. एक, झाकणाखाली साठलेल्या उष्णतेने पेट्रोलची वाफ झाली, बल्ब कडक करून सुरू होतं का बघा. दोन, पेट्रोल जास्त झालं. चोक नको, बल्ब नको, न्यूट्रलमध्येच रेस पूर्ण उघडी ठेवून थोडा सेल्फ मारा, धरलं की रेस लगेच खाली. तीन, तापल्यावर मरणारा विजेचा पार्ट, त्यासाठी गरम असतानाच स्पार्क टेस्टर.

सुट्टी टाकी उन्हात, हवेचा स्क्रू बंद आणि पाईप इंजिनाला जोडलेला, हा सापळा खास ओळखून ठेवा. टाकीत दाब वाढतो आणि पेट्रोल कार्बोरेटरमध्ये ढकललं जातं. जेवून परत आलात की इंजिन धरत नाही, आणि तुम्ही बल्ब दाबून त्यात भरच घालता. थांबायचं असेल तर पाईप इंजिनापासून काढून ठेवा.

९. ईएफआय इंजिन असेल तर

किल्ली ऑन करा, सेल्फ नको, आणि कान द्या. पेट्रोल पंपाची काही सेकंदांची गुणगुण यायला हवी. कधी येते कधी नाही, तर फ्यूज, मेन रिले आणि त्यांच्या पिना. तसाच दुसरा रिले शेजारी असेल तर अदलाबदल करून बघा. फॉल्ट कोड वाचायची सोय असेल तर बॅटरी सोडण्याआधी वाचून घ्या. व्होल्टेजबद्दल वर लिहिलंय ते या इंजिनांना दुप्पट लागू.

१०. कॉम्प्रेशन

एकदा मोजून वहीत लिहून ठेवा. सगळे प्लग काढा, वायरी अर्थला, रेस पूर्ण उघडी, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक बघा, दहा-पंधरा टक्क्यांच्या वर फरक असेल तर मेकॅनिकला दाखवा. येण्याजाण्याच्या दोषाचं कारण हे क्वचितच असतं.

११. सापडलं असं वाटल्यावर

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारीख लिहा. मग ज्या परिस्थितीत इंजिन दगा देत होतं तीच मुद्दाम तयार करा: गरम करून बंद करा, तेवढाच वेळ थांबा, परत सुरू करा, असं अनेकदा, किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत. थंडगार इंजिन एका सेल्फमध्ये सुरू झालं याने काहीच सिद्ध होत नाही. जमलं तर जुनी जोडणी परत तशीच करून दोष परत येतो का तेही बघा, परत आला तर शंकाच उरली नाही.

दोष पक्का सापडेपर्यंत लांब जाऊ नका, एकटे जाऊ नका. नांगर आणि पुरेसा दोर, वल्ही, भरलेली दुसरी बॅटरी किंवा जंप स्टार्टर, चालू व्हीएचएफ रेडिओ (बोटींचा वायरलेस) बोटीत हवाच. पाण्यात अडकलात तर पहिलं काम नांगर टाकणं, झाकण उघडणं त्यानंतर, कारण तुम्ही इंजिनात डोकं घालून बसता तोवर बोट वाहत कुठेतरी गेलेली असते. धोका वाटला तर व्हीएचएफच्या १६ नंबर चॅनलवर लवकर बोला, बॅटरी सेल्फ मारून मारून संपवल्यावर नाही.

मेकॅनिककडे न्यायचंच ठरलं तर वही, व्हिडिओ आणि मापं सोबत द्या, आणि सांगा की इंजिन गरम करून, बंद करून, अर्ध्या तासाने त्याने स्वतः सुरू करून बघावं. काढलेले जुने पार्ट परत मागून घ्या.